दिवेलागणीला घरी येणारा

"दगड खोटं बोलत नाही!" शिलेदारांनी जाहीर केलं आणि आपलं म्हणणं ऐकणाऱ्यांच्या डोक्यात नीट मुरावं म्हणून क्षणभर थांबले. "माणसं खोटं बोलतात. कागद बोलतात. फोटो तर सर्रास बोलतात. पण दगडावर एकदा कोरलं की कोरलं. तिथे थापेला जागा नाही."

जुन्या दफनभूमीत रविवारच्या श्रमदानाला जमलेली मंडळी हातात मऊ ब्रश आणि पाण्याच्या बादल्या घेऊन ऐकत होती. त्यांच्यातला एक दाढीवाला पुढे वाकला आणि शिलेदार ज्या थडग्याच्या दगडावर कोपर टेकून उभे होते, त्यावरची अक्षरं त्याने मोठ्यांदा वाचली.

"'या करवसुली अधिकाऱ्याच्या निधनाने सारे शहर धाय मोकलून रडले.'"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या आणि इतक्या मन लावून घासायला सुरुवात केली, की शिलेदारांना कोपर काढून घ्यावं लागलं.

शिलेदार हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते मेहुणीने ठेवलेलं नाव. "ताई, मला वाटलं होतं तुझे यजमान निवृत्त झाले म्हणजे घरी बसतील," ती म्हणाली होती, "हे तर शिलेदारच झाले गं, रोज मोहिमेवर!" सगळी नोकरी त्यांनी संग्रहालयाच्या मागच्या खोलीत फुटकी मडकी जोडण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर ते घरात फुटलेलं काही सापडतंय का म्हणून हिंडू लागले, तेव्हा बायकोने चांगले कप कुलपात ठेवले. मग त्यांची नजर बसडेपो आणि लाकडाच्या वखारीच्या मधोमध पडून असलेल्या जुन्या दफनभूमीकडे वळली. तिथे फुटलेलं पुष्कळ होतं आणि मालक तक्रार करणारे नव्हते.

कामात मात्र माणूस कडक. सिमेंटचं नाव काढलेलं खपत नसे. जुना दगड मऊ, सिमेंट कडक. दोघांना एकत्र बांधलं की पाच-दहा हिवाळ्यांत दगडच आधी तडकतो. म्हणून चुना आणि वाळू. ॲसिड नाही, तारेचा ब्रश नाही, कपडे धुवायचा साबणसुद्धा नाही. आणि सगळ्यांच्या वरचा नियम तुटलेल्या कडेचा. तो ते दर रविवारी सांगत आणि जुने स्वयंसेवक त्यांच्याबरोबर ओठ हलवत.

"तुटलेल्या कडेला हात लावायचा नाही. कानस नाही, छिन्नी नाही, नखसुद्धा नाही. ती कड म्हणजे दगडाच्या अंगठ्याचा ठसा आहे. जिथला तुकडा तिथेच बसणार. बसत नसेल तर आपण चुकलोय. दगड नाही."

त्या रविवारी हे सांगून झालं आणि फाटकातून नर्सबाई आल्या. वय ऐंशीच्या पुढे, हातात छत्री, डोळ्यांवर जाड चष्मा. सरकारी इस्पितळातून निवृत्त होऊन त्यांना इतकी वर्षं झाली होती, की त्यांच्या हाताखालच्या पोरीही निवृत्त झाल्या होत्या. तरी गल्लीत कुणाला ताप आला की अजून त्यांच्याकडेच हात पुढे केला जाई.

"माझे आजोबा इथे आहेत," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या ओळीत, वळणाजवळ, असं आत्या सांगायची. मला सापडत नाहीत."

"सापडतील," शिलेदार म्हणाले. "कसे होते स्वभावाने?"

हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत. उत्तर ऐकायची त्यांना फारशी सवय नव्हती, पण या उत्तराने त्यांचे कान टवकारले.

"एका संध्याकाळी दिव्यासाठी तेल आणायला म्हणून बाहेर पडले आणि सहा वर्षांनी परत आले," नर्सबाई म्हणाल्या. "तेही तेल न आणता. आजीने तोवर एकटीने चार पोरं वाढवली होती, शेजारपाजारची धुणी धुऊन. आमच्या घरात त्यांचं नाव निघालं की आजी बोलायची नाही, नुसती उठून दिव्याची वात मोठी करायची. स्वतःसाठी तिने गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दफनभूमीत जागा मागितली. मुद्दाम."

"मग तुम्हाला त्यांचं थडगं कशाला हवंय?"

"घरातली आता मीच उरलेय. मी गेले की त्यांना शिव्या द्यायलाही कुणी राहणार नाही. एकदा जाऊन बघावं म्हटलं." मग त्यांनी शिलेदारांच्या पिशवीतून डोकावणाऱ्या थापीकडे बघितलं. "तुम्ही फरशीचं पण करता का हो? आमच्या मोरीतली एक फरशी डुगडुगते. पाय ठेवला की पाणी उडतं."

शिलेदार समजूतदारपणे हसले. "बाई, मी फरश्या बसवत नाही. मी इतिहास बसवतो."

"असं होय," नर्सबाई म्हणाल्या आणि छत्री उघडून निघून गेल्या.

आजोबा सापडले, म्हणजे निम्मे सापडले. पूर्वी कधीतरी नगरपालिकेने फरसबंदी वाट काढताना पडलेले दगड उचलून मागच्या भिंतीशी ढीग घातला होता. त्या ढिगात नाव आणि साल असलेला वरचा अर्धा भाग मिळाला. तिसऱ्या ओळीत वळणाजवळ एका तुटक्या दगडाचं जमिनीत रोवलेलं खोड उभं होतं. माती झाडून, दगडफूल ओलं करून अलगद काढल्यावर त्यावरची ओळ दिसली:

'दिवेलागणीला न चुकता घरी येणारा पती आणि पिता.'

शिलेदार तिथेच गवतात बसले. तीन पिढ्या बदनाम झालेला माणूस, आणि हा दगड इतकी वर्षं मातीत तोंड खुपसून त्याची बाजू मांडतोय! ओळ बरोबर, जाडी बरोबर, रंग बरोबर, अक्षरही बरोबर. अर्थात अक्षर बरोबर असणारच होतं. त्या काळी शहरात एकच पाथरवट होता, त्यामुळे सगळी माणसं एकाच हस्ताक्षरात मेली होती. पण ही गोष्ट शिलेदारांना त्या क्षणी आठवली नाही. माणसाला हवी ती गोष्ट समोर दिसली की बाकीच्या आठवणी शहाण्यासारख्या मागे थांबतात.

वरचा भाग खोडावर ठेवून बघितला. बसला. म्हणजे जवळजवळ बसला. डाव्या बाजूला बोटाच्या पेराएवढा एक दात खाली आला होता, त्याला खाली जागा नव्हती. त्या दातावर दगड टेके आणि डुलत राही.

नियमाप्रमाणे इथे थांबायचं होतं. पण नगराध्यक्षांनी अनावरणाची तारीख दिली होती, श्रमदान समितीच्या चिटणीसांनी ती सगळ्यांना कळवली होती, आणि मुख्य म्हणजे शिलेदारांनी आपलं भाषण मनात पाठ केलं होतं. ते फार चांगलं झालं होतं.

एका दुपारी कुणी नसताना ते दगडाशी बसले. खालच्या खोडाला जुना धक्का लागला असेल, पावसापाण्याने झीज झाली असेल, असं त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलं. मग पिशवीतून कानस काढली. कानशीचा आवाज वखारीतल्या करवतीत मिसळून गेला. दात पीठ होऊन गवतात पडला. दगड बसला. दरजेत चुना भरला, कडेने बोट फिरवलं, सांधा असा झाला की दृष्ट लागावी. शिलेदारांनी नळावर जाऊन हात धुतले. फार वेळ धुतले. नळाखाली उभं राहायला एक जुनी लाद टाकलेली होती, तिच्यावर उभं राहून ते रोजच हात धुत. त्या दिवशी नखांतली भुकटी निघायला जरा त्रास झाला.

अनावरण झोकात झालं. शिलेदारांनी माईक हातात घेऊन सांगितलं, की घराण्यात चालत आलेल्या गोष्टी किती खोट्या असू शकतात. रुसलेल्या माणसांच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या एका सज्जनाची कशी बदनामी झाली, आणि अखेर दगडाने त्याला न्याय कसा दिला. नगराध्यक्षांनी रुमाल डोळ्यांना लावला. तो उन्हामुळे लावला असं चिटणीस नंतर म्हणाले, पण लावला हे खरं. नर्सबाई पहिल्या खुर्चीत होत्या. पडदा सरकला तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला आणि ओळ वाचली.

"दिवेलागणीला?" त्यांनी विचारलं.

"न चुकता!" शिलेदार म्हणाले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

नर्सबाई त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. आनंदाने बाईंना शब्द सुचत नाहीत, हे शिलेदारांनी ओळखलं. त्यांची खात्रीच पटली, जेव्हा आठवड्याभराने नर्सबाईंनी स्वतः विणलेला करड्या लोकरीचा मफलर त्यांच्या घरी पाठवून दिला.

नंतर नळ गळायला लागला.

पाण्याने खालची माती वाहून गेली आणि लाद एका बाजूने कलली. शिलेदारांनी सरळ करावी म्हणून पहार घालून ती उचलली आणि उलटी केली. खालच्या बाजूला, चिखल आणि गांडुळांच्या मागे, अक्षरं होती. त्याच पाथरवटाची.

'संध्याकाळच्या बैठकीचा हा राजा. दोस्तांनी उभारला.'

वरची कड तुटलेली होती.

शिलेदार पहार टाकून खाली बसले. पण सवयीचा माणूस. हात आपोआप पिशवीत गेला आणि शिशाची मऊ तार बाहेर आली. तुटलेल्या कडेवर तार दाबली की ती कडेचा आकार घेते, मग ती दुसऱ्या तुकड्याला लावून बघायची. तार घेऊन ते तिसऱ्या ओळीत वळणाजवळ गेले आणि तिथल्या सुंदर सांध्यावर धरली. प्रत्येक उंचवटा जुळला. प्रत्येक खाच जुळली. फक्त डावीकडे तार बोटाच्या पेराएवढी खाली वाकली होती, आणि तिथे दगडावर नुसता गुळगुळीत चुना होता. त्या खळग्यात काय बसायचं हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्याने ते गवतात सांडलं होतं.

म्हणजे तेल आणायला गेलेल्या गृहस्थांना त्यांनी दुसऱ्याच कुणाच्या थडग्यावर नेऊन उभं केलं होतं. तो जो कोण रोज दिवेलागणीला घरी यायचा, त्याच्या डोक्यावर.

त्यांनी चिटणीसांना गाठलं. चिटणीसांचं पूर्वी औषधांचं दुकान होतं, त्यामुळे कुठलीही गोष्ट ऐकून चेहरा न बदलण्याची त्यांना सवय होती. सगळं ऐकून ते म्हणाले, "लाद परत उलटी टाका."

"अहो, पण…"

"मेलेल्यांची तक्रार नाही. जिवंत बाई खूश आहेत, मफलर विणतायत. नगराध्यक्ष खूश आहेत. तुम्ही आता खरं-खरं करत फिरलात तर भलं कुणाचं होणार आहे?"

"त्या दुसऱ्याचं. जो खरंच घरी यायचा."

"त्याची नात आली होती का विचारायला?"

"नाही."

"मग शिलेदार, उगाच स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर दगड कशाला पाडून घेताय? नळ दुरुस्त करायचाय. लाद सरळ करा."

आणि शिलेदारांनी लाद सरळ केली. अक्षरं खाली, पाठ वर. हे नंतर आठवलं की त्यांचे कान तापत. कानस चालवली तेव्हा निदान मोहात होते. लाद टाकली तेव्हा पूर्ण शुद्धीत होते. त्या संध्याकाळी त्यांनी सवयीने नळ सोडला, पाय लादीवर ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. तेव्हापासून ते चुन्याने माखलेले हात तसेच घेऊन घरी जाऊ लागले.

"नळ सुरू झाला ना?" बायकोने विचारलं.

"झाला."

"मग माझ्या बेसिनमध्ये दफनभूमी कशाला आणताय?"

पुढच्या रविवारी नियम सांगायची वेळ आली. सिमेंट झालं, ॲसिड झालं. जुन्या स्वयंसेवकांनी ओठ तयार ठेवले. शिलेदारांनी तोंड उघडलं, वळणाकडे बघितलं आणि म्हणाले, "आणि ते कडेचं… ते तुम्हाला माहीतच आहे." स्वयंसेवकांचे ओठ तसेच हवेत राहिले. दाढीवाल्याने आपुलकीने विचारलं, "घसा बसलाय का?" त्या आपुलकीने शिलेदारांना अजूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नर्सबाई रस्त्यात दिसायच्याच. एकदा त्या समोरून येताना बघून शिलेदार हाताला लागेल त्या दुकानात शिरले. ते बायकांचे कपडे शिवणाऱ्याचं निघालं.

"माप कुणाचं?" शिंप्याने विचारलं.

"नंतर सांगतो."

"बाई बरोबर आल्यायत का?"

"बाई बाहेर आहेत," शिलेदार म्हणाले, आणि ते इतकं खरं होतं की काचेपलीकडून नर्सबाईंनी हात हलवला. "मफलर घालत नाही वाटतं?" त्यांनी दारातूनच विचारलं. "घसा सांभाळा."

दुसऱ्या दिवसापासून शिलेदार मफलर घालू लागले. लोकर टोचत होती. टोचत होती म्हणूनच घालत होते.

शेवटी कानशीने घात केला. ती पिशवीत नको म्हणून त्यांनी घरी आणली होती, आणि मफलर काढला की त्यात गुंडाळून लोकरीच्या कपड्यांच्या कप्प्यात ठेवत. बायकोच्या हाताला ती लागली.

"अहो, ही कानस मफलर घालून का झोपलीय?"

शिलेदार पलंगाच्या कडेवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. दात, लाद, तार, चिटणीस, शिंपी. बायको मध्ये एकदाही बोलली नाही. एरवी ती दोन वाक्यांच्या वर ऐकून घेत नसे, म्हणून त्यांना फार भीती वाटली.

"त्या बाईंना सांगितलंत हे?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय? मी काय त्यांची नात आहे?" ती कप्प्यातल्या कपड्यांच्या घड्या घालू लागली. "तुम्हाला वाटलं मला सांगून मोकळं वाटेल. वाटलं का?"

"नाही."

"बरं झालं."

शिलेदार मफलर गळ्यात घालून नर्सबाईंकडे निघाले. पिशवीत कानस घेतली, शिशाची तार घेतली. आरोपीने पुरावा स्वतः न्यावा हे त्यांना योग्य वाटलं. काय बोलायचं ते जिन्यात म्हणत गेले आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत ते भाषण बरंच देखणं झालं. मग भाषण देखणं झालं याचीच लाज वाटून त्यांनी ते निम्मं मोडलं.

नर्सबाईंची खोली लहान आणि इस्पितळासारखी नीटनेटकी होती. खिडकीत दोन कुंड्या, टेबलावर रेडिओ, भिंतीवर एका कृश बाईचा फोटो: तोंड मिटलेलं, हात मांडीवर, आणि ते हात बाकीच्या बाईपेक्षा एक माप मोठे.

"बसा. चहा टाकते."

"नको. आधी ऐका." शिलेदारांनी कानस आणि तार टेबलावर ठेवली. "बाई, तो दगड तुमच्या आजोबांचा नाही. म्हणजे वरचा आहे. खालचा दुसऱ्याचा आहे. बसत नव्हता, मी घासून बसवला. खरा तुकडा नळाखाली आहे. मला कळून महिना झाला आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

मोडून मोडून भाषणाचं एवढंच उरलं होतं.

"मला कळलं होतं," नर्सबाई म्हणाल्या.

"कधी?"

"नगराध्यक्षांनी पडदा ओढला तेव्हाच. दिवेलागणीला न चुकता, म्हणे! अहो, ते घरी आले तो एकच दिवस, आणि त्या दिवशीसुद्धा उशिरा आले."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्याकडे बघितलं. आमच्या वॉर्डात एक डॉक्टर होते. ऑपरेशन करून बाहेर आले की त्यांचं तोंड असंच असायचं, नुसतं उजळलेलं. पेशंट आत कण्हतोय याकडे लक्ष द्यायला त्यांना उसंत नसायची. अशा माणसाला त्या वेळी काही सांगून उपयोग नसतो, हे मी नोकरीत शिकले." त्यांनी तार उचलली, बोटांत फिरवली, परत ठेवली. "आणि तुम्ही मला विचारलं कुठे? तुम्ही मला समजावून सांगितलंत."

शिलेदारांनी टेबलावरची कानस उगाच सरळ केली.

"एक मात्र बोलायचं होतं," नर्सबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. उलट, वॉर्डात दिवे मालवल्यावर बोलतात तसा खाली आला होता. "माझे आजोबा चांगले होते म्हणालात, म्हणा. त्यांना त्याचं काय? पण माईकवरून तुम्ही म्हणालात की रुसलेल्या माणसांनी खोट्या गोष्टी पसरवल्या. रुसलेली माणसं म्हणजे कोण? ती." त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे मानेने दाखवलं. "सहा वर्षं दुसऱ्यांची धुणी धुतली तिने. आयुष्यात एक खरी गोष्ट पोरांना सांगितली, ती तुम्ही चारचौघांत खोटी पाडलीत. आणि मी पहिल्या खुर्चीत बसून ऐकत होते."

इथवर शिलेदारांना दगडाची लाज वाटत होती, नियमाची वाटत होती, त्या अनोळखी घरी येणाऱ्या माणसाची वाटत होती. भिंतीवरच्या या बाईची लाज वाटायची त्यांना सुचलंच नव्हतं. त्यांनी फोटोतल्या हातांकडे बघितलं आणि मग आपल्या हातांकडे, आणि आपले हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते मफलरखाली ठेवले.

"रविवारी सगळ्यांसमोर सांगतो," ते म्हणाले. "सगळं. त्यांच्याबद्दलही."

"सांगा. माईक नको."

"नको."

शिलेदारांनी मफलरखालून हात काढले आणि त्याचं टोक चाचपलं.

"मग हा मफलर कशाला विणलात?" शिलेदारांनी विचारलं.

"खोकत होतात ना त्या दिवशी. खोकल्याचा आणि दगडाचा काय संबंध?" नर्सबाईंनी चष्मा सारखा केला. "आणि खोटं कशाला बोलू? चार दिवस मलाही बरं वाटलं. संध्याकाळी दिवा लावताना वाटायचं, येतील एवढ्यात. या वयात माणूस काहीही करतं. नळाखालच्या तुकड्यावर काय आहे?"

शिलेदारांनी खाली बघत सांगितलं. "'संध्याकाळच्या बैठकीचा हा राजा. दोस्तांनी उभारला.'"

नर्सबाई आधी नुसत्या हलल्या, मग हसायला लागल्या. हसता हसता त्यांना टेबल धरावं लागलं. "हे आमचे आजोबा!" त्या म्हणाल्या. "आजी म्हणायचीच, बाहेर सोन्यासारखा माणूस. बाई गं! दोस्तांनी दगडसुद्धा उभारला, म्हणजे खरोखरच मजेचे असणार हो." त्यांनी डोळे पुसले. "आणि तो दुसरा कोण? घरी येणारा?"

"माहीत नाही. त्याचा वरचा भाग ढिगात असेल. असला तर."

"शोधा बिचाऱ्याला. जन्मभर वेळेवर घरी गेला आणि त्याच्या जागेवर आमचे हे येऊन बसले."

"शोधतो. सांधा सोडवतो, तो दगड मोकळा करतो. तुमच्या आजोबांचाही जोडतो, पण तो दात गेला तो गेला. तिथे चुना दिसत राहील. कायमचा दिसेल." शिलेदार उभे राहिले. मोडलेलं निम्मं भाषण त्यांना नको असताना आठवलं. "आणि बाई, एवढं झालं की मी थांबणार. ज्या हातांनी दगडाशी बेइमानी केली, ते हात मी पुन्हा कुठल्याही दगडाला लावणार नाही. माझा तो अधिकार संपला. आज, तुमच्या आजींच्या फोटोसमोर, मी…"

"पिशवीत चुना आहे का?" नर्सबाईंनी विचारलं.

"अं? आहे. थोडा."

"थापी?"

"तीही आहे."

"मग शपथ जरा उद्यावर टाका. आलाच आहात तर मोरीतली ती फरशी तेवढी बसवून द्या." त्या टेबलावरची कानस उचलून आपल्या मागे रेडिओशेजारी ठेवत म्हणाल्या, "आणि नाही बसली तर तशीच डुगडुगू दे हं. घासू मात्र नका."